मैद्याचा उन्हाळा

बेकरीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि त्या दोन्ही खोल्यांना बाराही महिने ताज्या पावाचा वास येत असे. घरच्यांना तो येत नव्हता; नाकांना सवय झाली होती. पाहुणे मात्र जिना चढतानाच म्हणायचे, "अहाहा, काय सुरेख वास येतोय!" आणि घरातली माणसं नुसती एकमेकांकडे बघायची.

खाली पुढच्या बाजूला दुकान होतं. तिथे आई गल्ल्यावर बसायची. मागे भट्टी आणि भट्टीला लागून, पण जाड भिंतीपलीकडे, पिठाची खोली. भट्टी बाबांच्या हातात होती, आणि ती खरोखरच हातात होती. तिच्या दारावर गरमी दाखवणारा काटा होता, पण त्याची काच काळी पडून जमाना झाला होता. बाबा दार उघडून हात आत घालायचे, जरा वेळ धरायचे आणि सांगायचे, "अजून थांबा," किंवा "लावा पाव." त्यात चूक होत नसे. तापलेले पत्र्याचे ट्रे ते नुसत्या दुहेरी फडक्याने ओढत, आणि फडकं जवळ नसलं तर फडक्यावाचून.

भट्टीवर त्यांच्या जोडीला मामा होते. हे कुणाचे मामा ते कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे. ते म्हणायचे, "मालकांना चिमटा काढायचा असेल तर गालाला काढावा. हाताला काढलात तर तुमचीच बोटं दुखतील."

मैद्या या घरात आला तो हिवाळ्याच्या सुट्टीनंतर.

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, डोंगरात राहायची. खूप वर, जिथे थंडीत नळातलं पाणी गोठतं आणि लोक उठल्याबरोबर आधी दारातला बर्फ फावड्याने बाजूला करतात. तिच्याकडे हस्की जातीची कुत्री होती. बर्फावरून गाड्या ओढणाऱ्यांची ही जात. बर्फात अंगाचं मुटकुळं करून, तोंडावर शेपूट घेऊन खुशाल झोपतात. माऊ, म्हणजे बेकरीतली मुलगी, सुट्टीत आत्याकडे गेली तेव्हा त्या कुत्रीला पिल्लं झालेली होती. त्यांतलं एक माऊच्या पायांत पायांत करायला लागलं. बाबा तिला न्यायला गेले, तर ते बाबांच्याही पायांत पायांत करायला लागलं. बाबा खाली बसले, त्यांनी त्याला मांडीवर घेतलं आणि मग बराच वेळ ते उठलेच नाहीत.

"ताई, हे आम्ही नेऊ का?"

"अरे, तू भट्टीवर राहतोस," आत्या म्हणाली. "हे बर्फातलं जनावर आहे."

"आमच्याकडेही थंडी असते की."

"असते. आणि थंडीनंतर काय असतं?"

बाबा पिल्लाचे कान कुरवाळत राहिले. माऊ मध्ये पडली नाही; आपण बोललो तर बिघडेल असं तिला वाटत होतं. आत्याने दोघांकडे पाहिलं.

"ने. पण एक ऐक. उन्हाळा लागला की मी कामासाठी खाली येणारच आहे. तेव्हा मी स्वतः येऊन बघणार. त्याला सोसत असेल तर तो तुमचा, कायमचा. सोसत नसेल तर त्याच गाडीतून परत आणणार. आणि तेव्हा कुणी रडायचं नाही." हे ती माऊला म्हणाली. मग भावाकडे वळून म्हणाली, "तूसुद्धा."

पिल्लाची पाठ राखाडी होती, पण तोंड आणि पाय असे पांढरे, की जणू आत्ताच पिठाच्या पोत्यात डोकं घालून आलंय. म्हणून बाबांनी त्याचं नाव मैद्या ठेवलं. आई म्हणाली, "जगात एवढी नावं आहेत, आणि यांना गोदामातलंच सुचलं." मामा म्हणाले, "माऊने कुत्रं पाळलं. आता उंदरांनी बोका पाळला की आपण डोळे मिटायला मोकळे."

थंडीचे दिवस मजेत गेले. बेकरीवाल्याचा दिवस इतरांसारखा नसतो. गाव उठायच्या आत पाव तयार लागतात, म्हणून बाबा सगळ्यांच्या आधी उठायचे, आणि सकाळचा माल दुकानात गेला की वर येऊन झोपायचे ते दुपारीच उठायचे. पूर्वी उठल्यावर ते चहाचा कप घेऊन जिन्यात एकटे बसत. कुणी काही विचारलं तर "हं" म्हणत. आता मैद्या त्यांच्या आधी जिन्यात जाऊन बसलेला असे. माऊ शाळेतून आली की तिला जिन्यात दोघं दिसायची, आणि बाबा बोलत असायचे. काय बोलत असायचे ते तिने कधी ऐकलं नाही. ती आली की ते थांबायचे.

मग हवा तापायला लागली.

मैद्या पाणी जास्त पिऊ लागला आणि जेवण अर्धवट टाकू लागला. जीभ सारखी बाहेर. शेजारचा केशकर्तनालयवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "आणा इकडे, मशीन फिरवतो. चकोट करून टाकू. बिचाऱ्याला गार वाटेल. पैसे नकोत, दोन गोड पाव द्या." माऊला ते पटलं होतं, पण आई म्हणाली, आधी डॉक्टरीणबाईंना विचारून ये.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. त्यांना मुलांशी बोलायला आवडायचं. उत्तर सरळ सांगून टाकण्यापेक्षा त्या प्रश्न विचारायच्या.

"केस कापू?" माऊने विचारलं.

"तू सांग. तुमच्या भट्टीचं दार कसं आहे?"

"जाड."

"जाड का आहे?"

"मध्ये काहीतरी भरलंय. कापसासारखं. आतली गरमी बाहेर येऊ नये म्हणून."

"बरोबर. आता समज, उलटं झालं. गरमी बाहेर आहे आणि आत गार आहे. मग ते दार काय करेल?"

माऊने विचार केला. "तरीही अडवेल."

"अडवेल ना? याचे केस म्हणजे तेच दार आहे. वरचे लांब केस ऊन अडवतात, आतली लव हवा धरून ठेवते. दारच काढून टाकलंस तर ऊन थेट कातड्यावर. भाजेल तो. गळलेले केस विंचरून काढायचे, रोज. पण कापायचे नाहीत."

"मग त्याला घाम कुठून येणार?"

"फारसा येतच नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो. बाकी सगळं काम जीभ करते, म्हणून ती बाहेर. जीभ अगदी लांब लोंबायला लागली, हिरड्या लालभडक दिसल्या, चालताना झोक जायला लागला, की एक क्षण न थांबता इकडे आणायचं. येताना अंगावर साधं पाणी ओतत आणायचं. बर्फाचं नाही, साधं."

त्यांनी आणखीही सांगितलं. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवायचं. फिरवायचं ते ऊन यायच्या आधी, नाहीतर पार कलल्यावर. आणि रस्त्यावर न्यायच्या आधी रस्त्याला हात टेकवून बघायचा. हात खुशाल ठेवता आला तर चालायचं, नाही आला तर घरी बसायचं.

माऊने घरी येऊन हे सगळं सांगितलं. बाबांना शेवटची गोष्ट फार आवडली. "हात टेकवायचा," ते म्हणाले. "हे तर आपल्या घरातलंच शिक्षण झालं."

हात टेकवायचा, पण कुणाचा, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. ते सांगायला हवं असं कुणाच्याच मनात आलं नसतं.

त्या आठवड्यात माऊच्या शाळेत परीक्षा होती. सकाळी लवकर उठून मैद्याला फिरवून आणायचं तिचं काम दोनदा राहिलं. बाबा दुपारी उठले, तेव्हा मैद्या दाराशी बसून दाराकडेच बघत होता. बाबांनी पट्टा घेतला. दुकानाबाहेर आले, वाकले, आणि डांबरावर तळहात टेकवला. नीट टेकवला, घाई केली नाही.

"कोमट आहे," ते म्हणाले.

आई गल्ल्यावरून म्हणाली, "अहो, ऊन केवढं आहे!"

"ऊन डोक्यावर आहे. खाली काही नाही. बघ की हात लावून."

आईसमोर दोन गिऱ्हाइकं होती. तिने हात लावून पाहिला नाही.

ते दोघं कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. वाटेत मैद्या पाय उचलून उचलून टाकायला लागला, मध्येच उड्या मारायला लागला. बाबांना वाटलं, खेळतोय. तेही त्याच्याबरोबर दोन पावलं नाचले. समोरच्या इस्त्रीच्या दुकानातली माणसं हसली. परत येताना मैद्या भिंतीच्या कडेला, जेवढी सावली होती तेवढ्यात चिकटून चालला, आणि दुकानाची पायरी चढेना. बाबांनी त्याला उचलून वर नेलं.

माऊ शाळेतून आली तेव्हा तो मोरीत पडून पंजे चाटत होता. तिने पंजा उलटा करून पाहिला. काळ्या तळव्यावरचं कातडं सुटलं होतं आणि खाली लाल दिसत होतं.

तिने बाबांना हाक मारली. त्यांनी पाहिलं. मैद्याला उचललं आणि अनवाणीच दवाखान्याकडे निघाले. माऊ मागे त्यांच्या चपला घेऊन धावली.

डॉक्टरीणबाईंनी पंजे धुतले, मलम लावलं, पट्ट्या बांधल्या.

"हात टेकवून बघितला नव्हता?"

"बघितला होता," बाबा म्हणाले.

"खरंच?"

"शपथ घेऊन सांगतो. कोमट होतं."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता, हे दिसत होतं. "जरा हात दाखवा," त्या म्हणाल्या.

बाबांनी हात पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी तो दिव्याखाली धरला. तळहात गुळगुळीत होता, जुन्या चामड्याच्या पाकिटासारखा चकाकत होता, आणि त्यावरच्या रेषा कुठे कुठे पुसून गेल्या होत्या. त्यांनी पेनाचं टोक बोटाखाली जरासं रोवलं. "लागतंय?"

"काय?"

"अहो, हा हात नाही, ही सांडशी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भट्टीला चांगली आहे. कुत्र्याला नाही. यापुढे हिचा हात." त्यांनी माऊचं मनगट धरून बाबांना दाखवलं. "ही म्हणेल गरम, तर गरम. तुम्हाला काय वाटतं ते विचारायचंच नाही."

बाबा हसले. पण घरी जाताना ते आपला तळहात मांडीवर घासत होते.

"आत्या येईपर्यंत पंजे बरे होतील ना?" माऊने वाटेत विचारलं.

"होतील. लहान आहे तो," बाबा म्हणाले. मग थोडं चालल्यावर म्हणाले, "आत्याला हे सांगायलाच हवं असं काही नाही."

पंजे बरे झाले. माऊ आता पहाटे उठायची, बाबा खाली पाव लावत असायचे तेव्हा मैद्याला घेऊन बाहेर पडायची, आणि निघण्याआधी रस्त्याला हात टेकवायची. पहाटे रस्ता गार असायचा. संध्याकाळी अंधार पडला तरी तो गरमच असायचा. मग ती पट्टा परत खुंटीला लावायची आणि मैद्या तिच्याकडे असा बघायचा, की दुसरं कुणी असतं तर विरघळलं असतं. "बघू नकोस," ती सांगायची. "मी नाही तापवला रस्ता."

रस्त्याचं असं जमलं. अवघड होतं ते घर.

वरच्या दोन खोल्यांपैकी पुढची पश्चिमेला होती. दुपारनंतर तिच्यात ऊन भरायचं, शिवाय तिथेच आईची शेगडी. मागची खोली नेमकी भट्टीच्या डोक्यावर. मागच्या अंगणावर पत्रे. सगळ्या घरात गार जागा अशी एकच होती, पिठाची खोली. पिठाला ऊब लागून चालत नाही, म्हणून ती बांधतानाच जाड भिंतींची, उत्तरेकडच्या एका बारीक खिडकीची बांधली होती. मैद्याने ती स्वतःच शोधून काढली. एकदा मामा पोतं आणायला गेले, तर दोन पोत्यांच्या मधल्या फरशीवर तो चारी पाय पसरून उताणा पडलेला. तोंड मिटलेलं. शांत झोपलेला.

"मालकीणबाई," मामांनी हाक मारली, "इथे एक मैद्याचं पोतं जास्त आहे. घोरतंय."

दोन दिवस कुणी त्याला हलवलं नाही. तिसऱ्या दिवशी शिंपीणबाई अर्धा पाव घेऊन दुकानात आल्या आणि त्यांनी तो गल्ल्यावर ठेवला. मऊ भागात एक राखाडी केस होता. त्या भांडल्या नाहीत. "तुम्हाला दाखवावं म्हटलं," एवढंच म्हणून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर आईला बरं वाटलं असतं.

हस्कीचे केस उन्हाळ्यात झुबक्यांनी गळतात. माऊ रोज विंचरायची आणि उशी भरेल एवढे केस निघायचे; तरी ते जिन्यात, फडक्यात, बाबांच्या बाहीवर असायचेच. आईने पिठाच्या खोलीच्या दाराला कडी लावली.

"त्याच्यावर माझा राग नाही," ती माऊला म्हणाली. "पण लोक आपल्याकडून तोंडात घालायची वस्तू घेतात."

माऊला ते कळत होतं. तिने वाद घातला नाही.

मग बाबांनी मागच्या खोलीत मैद्याची जागा केली. ओलं गोणपाट अंथरलं, त्यावर पंखा लावला, पाण्याच्या भांड्यात बर्फाचे तुकडे टाकले. मोठ्या कौतुकाने केलं सगळं. पण खाली भट्टी पेटलेली असायची, आणि ओलं गोणपाट बघता बघता कोरडं व्हायचं. माऊ शाळेतून येऊन फरशीला हात लावायची आणि झटकन उचलायची. तेव्हा मैद्या गोणपाटावर नसायचाच; मोरीत, नळाखाली, भिंतीला पाठ लावून बसलेला असायचा, आणि जीभ जमिनीला टेकायची बाकी असायची.

"बाबा, फरशी तापतेय."

"अगं, मी स्वतः तिथे झोपतो. रोज. नुसत्या चटईवर. मला काही होतं का?"

ते खोटं बोलत नव्हते. ते तिथे गेली कित्येक वर्षं झोपत होते.

वर्षातून एकदा धुराडं साफ करायला भट्टी थांबवावी लागे. विटा गार व्हायलाच एक दिवस जाई. मग साफ करणारा माणूस आत उतरे. ते काम त्याच आठवड्यात निघालं, आणि भट्टी बंद असतानाच, त्याचं काम आटपल्यावर, दुपारी आत्या आली.

मैद्याने तिला ओळखलं. जिन्यावरूनच त्याने तोंड वर करून लांबलचक सूर लावला, तो गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकला. आत्याने त्याचे कान पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोटावरून हात फिरवला. पंजे पाहिले. तिथे नवं कातडं आलेलं होतं.

"हे काय?"

"भाजले होते," माऊ म्हणाली. "रस्त्यावर. आता बरे आहेत."

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते.

"हं," आत्या म्हणाली. "आणि आता राहतो कुठे हा?"

बाबा एकदम खुलले. "ये ना, दाखवतो." त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं. ओलं गोणपाट, पंखा, पाणी, त्यातला बर्फ. मैद्या आपणहून जाऊन गोणपाटावर पसरला. आज तिथे बरं वाटत होतं. आत्या गुडघ्यांवर बसली आणि तिने फरशीवर हात ठेवला. तिचा हात साध्या माणसाचा होता. तो तिने फरशीवर खुशाल ठेवला, आणि तसाच राहू दिला.

"चांगली गार आहे की रे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तुझ्या डोक्यात पीठच भरलंय. पण तू बरीच व्यवस्था केलीस."

"मग! तुझाच भाऊ आहे."

"माझा भाऊ आहेस म्हणून तर काळजी होती."

पुढच्या खोलीत आई चहा गाळत होती. तिचा हात थांबला. तिने दारातून माऊकडे पाहिलं, आणि मग चहा गाळू लागली. कुत्रं माऊचं होतं. यात काय बोलायचं, की काहीच नाही बोलायचं, ते तिनेच ठरवायचं होतं.

"मग काय गं माऊ," आत्या उठत म्हणाली. "मी संध्याकाळी निघते. ठेवू ना याला इथे?"

माऊने फक्त मान हलवायची होती. भट्टी आज रात्रीच पुन्हा पेटणार होती हे खोलीतल्या दोघांना माहीत होतं. त्यांतल्या एकाला त्याने काही फरक पडतो असं वाटत नव्हतं.

माऊ मैद्याकडे बघत होती. त्याने एक कान टवकारला, माशी हाकलली आणि डोळे मिटले.

"आज भट्टी बंद आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"धुराडं साफ करत होते ना, म्हणून. ही खोली भट्टीच्या वर आहे. भट्टी चालू असली की इथे हात ठेवता येत नाही. मैद्या इथे बसतच नाही. मोरीत बसतो. मोरीतपण आता गरम व्हायला लागलंय."

"अगं, काय बोलतेस!" बाबा म्हणाले. "ताई, तिला वाटतं तसं. मी इथे रोज झोपतो."

"तुम्हाला कळत नाही, बाबा," माऊ म्हणाली. तिने ते उलट उत्तर म्हणून म्हटलं नव्हतं. फरशी गार आहे हे जसं म्हणावं तसंच म्हटलं होतं.

पंखा फिरत होता. बाबा खाली वाकले, आत्या बसली होती तिथे त्यांनी हात टेकवला, मग दुसरा टेकवला. मग उभे राहून अनवाणी पाय तिथे ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "मला आजची आणि भट्टी चालू असतानाची सारखीच लागते गं. खरंच."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "आई तुला दुधाचं पातेलं उतरवायला लावायची, आठवतं? मी नाही म्हणायचे, तू लगेच उचलायचास. तेव्हापासूनच." मग ती माऊकडे वळली. "अजून दोन महिने उन्हाळा आहे."

"हो."

"मी घेऊन जाते याला."

"हो."

"तू ये सुट्टीत. त्याला तू आठवशील. कुत्री विसरत नाहीत."

"मला माहीत आहे," माऊ म्हणाली. तिचा आवाज नीट होता. ती आत गेली आणि विंचरायचा ब्रश, पट्टा आणि जेवायचं भांडं एका पिशवीत भरून आणलं. मग परत जाऊन मैद्याला मोरीत घेतलं आणि त्याच्या पोटाला आणि पायांना पाणी लावलं. प्रवास लांबचा होता.

चहा झाला. आईने आत्याबरोबर टोस्टचं एक मोठं पुडकं दिलं. आत्या म्हणाली, "वहिनी, एवढे कोण खाणार?" तर आई म्हणाली, "वन्सं, न्या हो. वाटेत याला नका देऊ, एवढंच."

ऊन उतरल्यावर आत्याने गाडी दुकानासमोर आणली. आतली हवा गार व्हावी म्हणून ती आधीच चालू करून ठेवली होती. मामा आज कामावर नव्हते, तरी आले होते. त्यांनी मैद्याची हनुवटी दोन बोटांनी उचलली आणि म्हणाले, "साहेब, वर बर्फ फार असतो म्हणे. पडू नका." मैद्याने त्यांचा अंगठा चाटला. बाबांनी त्याला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. दार लावताना त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो थोडा जास्त वेळ तिथे राहिला. ते काहीतरी बोलले. माऊ शेजारीच उभी होती, पण या वेळी ते थांबले नाहीत.

"चांगला राहा," ते म्हणत होते. "ताईला त्रास देऊ नकोस. ती ओरडते, पण तसं काही नसतं."

गाडी निघाली. मैद्या मागच्या काचेकडे वळलाच नाही. दोन सीटांच्या मधून पुढे मान घालून तो गार हवेच्या जाळीसमोर नाक धरून बसला होता. वळणापर्यंत त्याचे फक्त दोन उभे कान दिसत होते.

"बघितलंसुद्धा नाही गाढवाने," बाबा म्हणाले.

"गार वाटत असेल त्याला," माऊ म्हणाली.

"हो. तसंच असणार."

तिचे डोळे भरले होते, पण रडायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ती रडली नाही. बाबांनी नाक पुसलं. समोरचा इस्त्रीवाला त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी त्याला हात केला.

मामा आत जाऊन भट्टीचं दार उघडून उभे होते. लाकडं रचून झाली होती. "मालक," त्यांनी हाक मारली, "उद्याचा माल काढायचा ना? पेटवू?"

बाबा अजून रस्त्याकडे बघत होते. माऊने त्यांची बाही ओढली.

"पेटवा," ते म्हणाले, आणि आत गेले.